रीलोडिंग सुरू करावं का? (.२२३, सर्व्हिस रायफल, ६०० यार्ड)

ओहायोचा_पक्या:
नमस्कार मंडळी. इथे नेमबाजीवाले किती जण आहेत माहीत नाही पण विचारून बघतो. ग्रीन कार्ड झाल्यावर एआर-१५ घेतली आणि गावाजवळच्या क्लबात हायपॉवर मॅचेस खेळायला लागलो, ५० शॉटचा कोर्स असतो, म्हणजे २०० यार्डवरून उभं राहून १०, २०० वरूनच बसून रॅपिड १०, ३०० वरून झोपून रॅपिड १० आणि शेवटी ६०० वरून झोपून सावकाश २०. जाम नाद लागलाय. आता प्रॉब्लेम असा की २०० आणि ३०० ला माझं बरं चाललंय पण ६०० ला गोळ्या वर-खाली पसरतात, डावी-उजवीकडे वाऱ्याने जातात ते समजतं पण हे उभं पसरणं काय ते कळत नाही. क्लबातले सगळे म्हातारे म्हणतात की फॅक्टरी अॅम्युनिशन सोड आणि रीलोडिंग कर, म्हणजे मारून झालेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या घरी परत भर. मॅच ग्रेडची ७७ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) एक गोळी डॉलरच्या वर जाते, ते पण आहेच. तर प्रश्न असे: खरंच फरक पडतो का, पैसे वाचतात का, आणि घरात तीन वर्षांची मुलगी आहे, बायकोला बेसमेंटमध्ये पावडर ठेवायची कल्पना अजिबात पटलेली नाही, तिला काय सांगू?

सॅम_टेक्सास:
पैशाचं आधी सांगतो, वाचत नाहीत. एका गोळीचा खर्च कमी होतो हे खरंय कारण पुंगळी परत परत वापरता येते आणि सगळ्यात महाग भाग तोच असतो, पण मग तू तेवढ्याच पैशात जास्त गोळ्या मारतोस, बजेट तेवढंच राहतं. वर प्रेस (काडतूस भरायचं दांड्याचं यंत्र), डाय (त्यात बसवायचे साचे), वजनकाटा, ट्रिमर, कॅलिपर हे सगळं आधी घ्यावं लागतं. २०२० नंतर प्रायमरचा (पुंगळीच्या तळाशी बसणारी, पावडर पेटवणारी छोटी टोपी) जो दुष्काळ पडला होता तेव्हा तर दुकानात कपाटं रिकामी होती, ज्यांच्याकडे साठा होता तेच मॅच खेळले. ऑनलाइन मागवलंस तर पावडर आणि प्रायमरला हॅझमॅटची, म्हणजे धोकादायक माल पाठवायची, फी वेगळी लागते, त्यामुळे क्लबातले चौघं-पाच जण मिळून एकदम ऑर्डर टाका.

जुना_भिडू:
पक्या, मी बरीच वर्षं रीलोड करतोय, हायपॉवरच खेळतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून दे.

आधी तुझ्या उभ्या पसरण्याचं बघू. गोळी नळीतून किती वेगाने निघते त्यावर ती ६०० ला किती खाली येते ते ठरतं. .२२३ मधली ७७ ग्रेनची गोळी साधारण २७०० फूट पर सेकंदाच्या आसपास निघते, आणि एका गोळीत नि दुसऱ्या गोळीत ५० फुटांचा फरक असला तर २०० यार्डला तुला तो दिसणारही नाही पण ६०० ला चार-पाच इंच वर-खाली होतं. ६०० च्या टार्गेटचं एक्स रिंग ६ इंचाचं आणि दहाचं रिंग १२ इंचाचं, म्हणजे तू अगदी मध्यावर धरलंस तरी नुसत्या काडतुसाने तुझं एक्स गेलं, आणि थोडं वर धरलेलं असलं तर नऊ. म्हणून रीलोडिंग करायचं ते वेग वाढवायला नाही, सगळ्या गोळ्या एकसारख्या निघाव्यात म्हणून. नवीन पोरं इथेच चुकतात, जास्त पावडर जास्त वेग असं धरून बसतात.

पण थांब, लगेच प्रेस घेऊ नकोस. क्लबात कुणाकडे तरी क्रोनोग्राफ असेलच, तुझ्या आत्ताच्या फॅक्टरी गोळ्यांच्या १० शॉटचा वेग मोजून घे. वेग एकसारखा निघाला तर दोष काडतुसाचा नाही, तुझ्या पोझिशनचा आहे. झोपून मारताना स्लिंग (हाताला अडकवलेला रायफलीचा पट्टा) ढिली पडते, डावं कोपर हळूहळू सरकतं, २० मिनिटं त्याच जागी पडून राहिलं की श्वासाची लय बदलते, आणि हे सगळं टार्गेटवर उभंच दिसतं. हे रीलोडिंगने सुधारत नाही, रोज संध्याकाळी रिकाम्या रायफलीने ड्राय फायर करण्याने सुधारतं, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

वेगात खरंच फरक निघाला तर मग ये. पुंगळ्या एकाच कंपनीच्या घे, रेंजवर पडलेल्या लोकांच्या मिसळू नकोस, कारण आतली जागा कमी-जास्त असली की तीच पावडर वेगळा दाब देते. मिलिटरी पुंगळ्यांच्या प्रायमरला क्रिम्प असतो, म्हणजे कड दाबून तो पक्का केलेला असतो, तो काढल्याशिवाय नवा प्रायमर बसत नाही, सुरुवातीला त्या भानगडीत पडू नकोस. रीसाइज करताना, म्हणजे फुगलेली पुंगळी डायमध्ये दाबून मापात आणताना, तिचा खांदा (तोंडाखालचा उतार) फार मागे ढकलायचा नाही, दोन-तीन हजारांश इंच पुरे, त्यासाठी गेज मिळतं ते घेच. नाहीतर पुंगळी चार-पाच वेळातच तळाशी तडकते, आत वाकवलेली तार फिरवून बघितलीस तर तिथे खाच लागते, ती लागली की पुंगळी फेकायची.

एक गोष्ट मात्र मनावर घे. एआर-१५ ची फायरिंग पिन मोकळी असते, बोल्ट पुढे आपटला की ती प्रायमरला हलकी टेकते. प्रायमर पुंगळीच्या तळापेक्षा जरा जरी वर राहिला तर चाप न ओढता गोळी सुटू शकते. म्हणून मी प्रत्येक पुंगळी प्रायमर बसवल्यावर अंगठ्याने चाचपतो, किंचित खड्डा लागला पाहिजे, सपाट लागली तर बाजूला. शंभर असल्या तरी शंभर. मग सगळ्या ब्लॉकमध्ये उभ्या करून पावडर घातल्यावर टॉर्च धरून वरून बघायचं, सगळ्यांत पावडर एकाच उंचीला दिसली पाहिजे. रायफलच्या पुंगळीत चुकून डबल पावडर घातलीस तर बहुतेक वेळा बाहेर सांडते म्हणून लगेच कळतं, पिस्तूलच्या पुंगळीत सांडत नाही आणि तिथेच बंदुका फुटतात. टेबलावर एका वेळी एकच पावडरचा डबा, काम झालं की त्याच डब्यात परत. दुसऱ्या कुठल्या बाटलीत कधीच भरायची नाही.

किती ग्रेन पावडर घालायची ते मी मुद्दाम लिहीत नाही. नेटवर कुणीही आकडा दिला तरी घेऊ नकोस, माझाही नको. छापील मॅन्युअल घे, तुझ्याच गोळीचं आणि तुझ्याच पावडरचं पान उघड, सगळ्यात खालच्या आकड्यापासून सुरू कर आणि थोडं थोडं वर जा.

ओहायोचा_पक्या:
बापरे काका, एवढं कुणी क्लबात पण सांगितलं नव्हतं. क्रोनोग्राफचं डोक्यातच आलं नाही, या शनिवारी करतो. एक अजून, प्रोग्रेसिव्ह प्रेस घेऊ का साधी? व्हिडिओत लोक तासाला शेकड्याने काढतात.

जुना_भिडू:
साधी सिंगल स्टेज घे, डोळे मिटून. एका वेळी एकच काम होतं, हात प्रत्येक गोष्ट शिकतो. प्रोग्रेसिव्हमध्ये एका दांड्याने चार कामं होतात नि कुठलं चुकलं ते नवशिक्याला दिसत नाही. पुढे ३०० च्या रॅपिडसाठी भरपूर लागायला लागल्या की बघ. ६०० च्या मी अजूनही सिंगलवरच काढतो, आणि तिथे ८० ग्रेनची गोळी वापरतो, ती इतकी लांब बसवतो की मॅगझिनमध्ये मावतच नाही, एकेक हाताने घालायची, ६०० ला सावकाशच मारायचं असतं त्यामुळे चालतं. डिजिटल काटा घेतलास तर एसीच्या झोताखाली ठेवू नकोस, आकडा आपोआप सरकत राहतो आणि माणूस पावडरला दोष देतो. सोबत चेक वेट असतं ते दर पंधरा-वीस गोळ्यांनी ठेवून बघ. लांब काड्यांची पावडर असली तर मेझरचं (पावडर मापून टाकणाऱ्या यंत्राचं) हँडल फिरवताना कर्र करून काडी कापल्यासारखं लागतं, तसं लागलं की तो चार्ज परत ओत आणि पुन्हा घे. बाकी एखाद-दुसरा कण इकडे-तिकडे झाला तर झोप उडवून घ्यायचं कारण नाही, ६०० ला त्याने काही होत नाही.

मेघना_सिएटल:
पक्या, मी दोन मुलांची आई आहे आणि रीलोड करते, म्हणून तुझ्या बायकोच्या बाजूने लिहिते. पावडरला ती घाबरते ते साहजिक आहे, पण स्मोकलेस पावडर उघड्यावर जळते, काडतुसात कोंडली की दाब तयार होतो, म्हणून ती मूळ डब्यातच, थंड कोरड्या जागी, कुलपात ठेवायची. हीटर, वॉटर हीटर जवळ नको. प्रायमर पण मूळ पाकिटातच, त्यांचा ट्रे असा बनवलेला असतो की एक उडाला तर बाकीचे उडू नयेत, बरणीत ओतून ठेवणारे लोक मी बघितलेत, तसं कधी करू नको. किती साठा ठेवायचा याचे तुझ्या शहराचे नियम बघून घे.

पण खरी काळजी दुसरीच आहे आणि ती फार लोक बोलत नाहीत, शिशाची. प्रायमर जळला की पुंगळीच्या आत जो काळा थर राहतो त्यात शिसं असतं. ड्राय टंबलरचा (पुंगळ्या भुशात घोळवून साफ करणाऱ्या यंत्राचा) भुसा चाळताना जी धूळ उडते ती तीन वर्षांच्या मुलीसाठी पावडरच्या डब्यापेक्षा जास्त घातक, कारण तो डबा कुलपात असतो आणि धूळ कपड्यावरून सोफ्यावर जाते. म्हणून पुंगळ्या पाण्यात स्टीलच्या पिना घालून धू, ते पाणी किचनच्या सिंकमध्ये नको. बेंचवर खाणं-पिणं नाही, रेंजचे बूट गॅरेजमध्येच, आणि थंड पाण्याने साबण लावून हात धुतल्याशिवाय मुलीला उचलायचं नाही. डॉक्टरांना सांगून तुझी आणि मुलीची लेड टेस्ट करून घे, साधी रक्ताची टेस्ट आहे. हे सगळं तू आधीच करतोयस हे दिसलं की बायको निम्मी तयार होईल.

नवा_पाहुणा:
मध्येच विचारतो, मी एच-वनबी वर आहे. मित्र रेंजवर नेतो म्हणतोय, जाऊ का?

सॅम_टेक्सास:
भावा थांब. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असताना बंदूक किंवा काडतूस बाळगायला फेडरल कायद्याने बंदी आहे, रेंजवर भाड्याने हातात घेतलेली पण त्यात येते. काही अपवाद आहेत, नेहमीचा म्हणजे कुठल्या तरी राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. पण मित्राच्या शब्दावर जाऊ नकोस, इमिग्रेशन वकिलाला विचार, तुझं ग्रीन कार्ड त्यावर अवलंबून आहे. आणि पक्या, स्वतःसाठी भरायला फेडरल लायसन्स लागत नाही पण विकायचा धंदा करायला लागतं, त्यामुळे क्लबातल्या मित्राला पैसे घेऊन भरून देऊ नकोस.

रंकाळा_२२:
आमी कोल्हापूरकर, जरा आमचं पण ऐका. मी इथं .२२ प्रोन (झोपून) मारतो. आमच्याकडं रीलोडिंगचा विषयच नाही, एक तर काडतूस बनवायला आर्म्स अॅक्टखाली लायसन्स लागतं, आणि दुसरं म्हणजे .२२ ची पुंगळी रिमफायर, प्रायमरचा मसाला कडेच्या घडीतच असतो, पिन मारली की कड चेपली, ती परत भरायची नाही. मग जुना_भिडू काका जे भरून मिळवतात ते आमी निवडून मिळवतो, लॉट टेस्टिंग करून. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या गोळ्या पण डब्यावर लॉट नंबर वेगळा, आणि तुमच्या नळीला एखादाच लॉट मानवतो. रायफल पक्की अडकवायची, ५० मीटरवर प्रत्येक लॉटचे १०-१० चे ग्रुप मारायचे, जो सगळ्यात घट्ट बसला तो मिळेल तेवढा उचलायचा. एली आणि लापुआ यांची युरोपात त्यासाठीच टेस्ट रेंज आहेत, लोक नळी घेऊन तिथं जातात. ५० मीटरचं दहाचं रिंग १०.४ मिलिमीटरचं, गोळी ५.६ ची, आणि आता दशांशात मोजतात त्यामुळं १०.१ आणि १०.६ मध्ये मेडल जातं. स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं ते ४५१.४ वर, राधानगरीतल्या कांबळवाडीचं पोरगं, आणि तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये प्रोनची वर्ल्ड चॅम्पियन झाली ती ६०० पैकी ५९७ मारून, ती पण आमच्या कोल्हापूरचीच. सांगायचा मुद्दा, ह्या लेव्हलला माणूस आणि नळी आणि लॉट तिन्ही जमावं लागतं.

एअर रायफलला पण तसंच आहे बरं, छऱ्याचं डोकं ४.४९, ४.५०, ४.५१ असं वेगवेगळं येतं, पोरं डबा उघडून तसेच मारतात आणि म्हणतात रायफल बाद आहे.

आणि पक्या भाऊ, एक हात जोडून विनंती. भारतात येताना रेंजची बॅग, जॅकेट, पँट काही आणू नका. एक काडतूस, कोपऱ्यात विसरलेलं, एक्सरेत दिसलं की आर्म्स अॅक्टची केस. नकळत होतं हे कोर्टात पटवून देता येतं आणि बऱ्याच केसेस रद्द होतात, पण तोवर पासपोर्ट, सुट्टी, नोकरी सगळं लटकतं. प्रवासाची बॅग वेगळीच ठेवा, कायमची.

ओहायोचा_पक्या:
हे बॅगेचं लाखमोलाचं सांगितलंत, मी डिसेंबरात येतोय आणि तीच बॅगपॅक घेणार होतो. मेघनाताई, लेड टेस्टचं बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली ही बाई पहिली शहाणी भेटली. अपॉइंटमेंट तिनेच घेतली. सध्या मॅन्युअल मागवलंय फक्त, क्रोनोग्राफचे आकडे आले की इथे टाकतो.

जुना_भिडू:
टाक. आणि ओहायोतच आहेस तर कॅम्प पेरी सोडू नकोस, लेक एरीच्या काठावर, नॅशनल मॅचेस १९०७ पासून तिथे होतात. उन्हाळ्यात सीएमपी (सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम ही संस्था) तिथेच स्मॉल आर्म्स फायरिंग स्कूल घेते, रायफल आणि गोळ्या तेच देतात, देशातले चांगले शूटर शेजारी बसून शिकवतात. तळ्यावरून येणारा वारा एका स्ट्रिंगमध्ये (सलग शॉटच्या एका फेरीत) दोनदा दिशा बदलतो, तो कसा वाचायचा ते तिथल्या कोचला विचार. जागा भरतात, नोंदणी उघडली की लगेच नाव घाल.