भूल देताना मेंदूवर लक्ष ठेवणारा मॉनिटर लावल्यास शस्त्रक्रियेनंतरचा भ्रम टळतो का?

प्रश्न

माझ्या सासूबाई 76 वर्षांच्या असून पुढील महिन्यात त्यांच्या मोठ्या आतड्याची शस्त्रक्रिया ठरली आहे. यापूर्वी खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या रात्री त्यांनी सलाइनची सुई उपसून काढली, मला ओळखले नाही आणि भिंतीवर मुंग्या फिरत असल्याचे त्या पहाटेपर्यंत सांगत राहिल्या. काही दिवसांत त्या सावरल्या, परंतु तो प्रसंग पुन्हा ओढवू नये असे आम्हां सर्वांना मनापासून वाटते. भूल देताना कपाळावर पट्टी चिकटवून मेंदूच्या विद्युत लहरी पाहतात असे समजले. त्यासाठी आम्ही आग्रह धरावा का?

उत्तर (भूलतज्ज्ञ)

आपण ज्याविषयी ऐकले तो बहुधा बीआयएस मॉनिटर असावा. मेंदूच्या लहरींवरून तो 0 ते 100 मधील एक आकडा दाखवतो आणि पूर्ण भुलेत तो साधारण 40 ते 60 च्या दरम्यान ठेवतात. भूल फार खोल गेली की आलेखावर लहरी मध्येच थांबून सपाट रेषा दिसू लागते, आणि असे रुग्ण नंतर भ्रमात जाण्याचे प्रमाण अधिक आढळल्यामुळे ही सपाट रेषा टाळली की भ्रमही टळेल, अशी आशा निर्माण झाली.

सुरुवातीचे निष्कर्ष या आशेला बळ देणारेच होते. हाँगकाँगमध्ये 921 ज्येष्ठ रुग्णांवर झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बीआयएस पाहून भूल दिलेल्यांपैकी 15.6 टक्के, तर नेहमीच्या पद्धतीने भूल दिलेल्यांपैकी 24.1 टक्के रुग्णांना भ्रम झाला. मात्र 2019 मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथील 1232 रुग्णांच्या अभ्यासाने चित्र पालटले. मॉनिटर पाहून भूल दिलेल्या गटात औषध कमी लागले आणि सपाट रेषेचा काळही घटला, तरीही त्या गटात भ्रमाचे प्रमाण 26 टक्के, तर दुसऱ्या गटात 23 टक्के होते. कॅनडातील चार रुग्णालयांत हृदयशस्त्रक्रियेच्या 1140 रुग्णांवर झालेल्या, 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर दोन्ही गटांत हे प्रमाण जवळजवळ सारखेच, 18 टक्क्यांच्या आसपास निघाले.

याचा अर्थ मला असा लागतो की सपाट रेषा हे अनेकदा भ्रमाचे कारण नसून आधीच नाजूक झालेल्या मेंदूची खूण असते. असा मेंदू थोड्याशा औषधानेही गप्प होतो आणि तोच पुढे भ्रमाला बळी पडतो. तरीही मॉनिटर उपलब्ध असल्यास तो अवश्य लावून घ्यावा, कारण वृद्धांना गरजेपेक्षा अधिक औषध जाणे त्याने टळते. केवळ त्यासाठी रुग्णालय बदलण्याची, किंवा तो नाही म्हणून शस्त्रक्रिया लांबवण्याची मात्र गरज नाही.

उत्तर (वृद्धांच्या आजारांची डॉक्टर)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. माझा भर शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या काळजीवर आहे. अमेरिकेत येल येथील डॉ. शॅरन इनूये यांच्या गटाने 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रुग्णालयात दाखल झालेल्या वृद्धांची झोप, हालचाल, पाणी पिणे, दृष्टी आणि श्रवण यांकडे नेटाने लक्ष पुरवल्यामुळे भ्रमाचे प्रमाण 15 वरून 9.9 टक्क्यांवर आले. ते रुग्ण शस्त्रक्रियेचे नव्हते, पण उपाय तेच लागू पडतात. सासूबाईंचा चष्मा, कवळी आणि वापरत असल्यास श्रवणयंत्र त्यांच्या उशाशीच ठेवावे आणि डॉक्टरांनी परवानगी देताच त्यांना खुर्चीत बसवावे. वेदना दाबून सहन करायला लावू नये, आणि लघवी तुंबलेली नाही ना, हेही परिचारिकेला विचारत राहावे, कारण वृद्धांमध्ये तेवढ्यानेही भ्रम होतो.

रात्री अस्वस्थ वाटल्यास झोपेची गोळी मागण्याचा मोह घरच्यांना होतो. अल्प्राझोलामसारख्या औषधांनी भ्रम वाढू शकतो. मात्र त्या ती गोळी आधीपासून रोज घेत असतील, तर ती परस्पर बंद करू नये, भूलतज्ज्ञांना आधी सांगावे.

प्रश्नकर्ती

मनःपूर्वक आभार. भूलतज्ज्ञांच्या भेटीत नेमके काय सांगावे?

उत्तर (भूलतज्ज्ञ)

मागील भ्रमाची हकिगत सर्वांत आधी सांगा, कारण ज्याला एकदा भ्रम झाला त्याला पुन्हा होण्याचा धोका अधिक असतो. चालू औषधांची संपूर्ण यादी सोबत न्या आणि अलीकडे विस्मरण वाढले असल्यास तेही सांगा. शस्त्रक्रियेनंतर त्या आरडाओरडा न करता नुसत्या गप्प, झोपाळू आणि हाकेला उशिरा ओ देणाऱ्या झाल्या, तरी तोही भ्रम असू शकतो. तो सहज नजरेतून सुटतो, म्हणून तसे दिसताच वॉर्डातील डॉक्टरांना बोलवा.