मदत हवी आहे : बेरी घातलेल्या गडद एल बिअरमधील तुरटपणा कसा ओळखावा?

रासबेरी घालून आंबवलेली गडद क्राफ्ट एल चाखताना पहिल्या घोटात भाजलेल्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) कॉफी आणि कडू चॉकलेटसारखा स्वाद स्पष्ट जाणवतो. मात्र शेवटी जिभेवर जी आंबट, किंचित तुरट चव रेंगाळते, ती फळाची की काळ्या माल्टची, हे मला ठरवता येत नाही. फळातील बहुतेक साखर यीस्ट संपवते आणि आम्ल मागे उरते, त्यामुळे गोडवा कमी असणे स्वाभाविकच आहे. फार थंड असताना गंध दबतो, म्हणून मी ती सुमारे १२ अंश सेल्सिअसला चाखतो, आणि तेव्हा फळाचा सुगंध खरोखर सुरेख खुलतो. हा तुरटपणा बियांमधून उतरला असेल का, आणि तो पारखण्यासाठी फळाविना केलेली तशीच एल शेजारी ठेवून चाखावी का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.