जयपूरची गादी, १७४३ : हक्क ईश्वरीसिंहाचा की माधोसिंहाचा? आणि आपण मराठे तिथे काय करत होतो?

वाटाड्या

मागच्या डिसेंबरात जयपूरला गेलो होतो. त्रिपोलिया बाजाराजवळ सरगासूली नावाचा उंच मनोरा आहे, ईसरलाट पण म्हणतात. सवाई ईश्वरीसिंहाने राजमहलची लढाई जिंकल्याची खूण म्हणून १७४९ मध्ये बांधला. नंतर कळलं की ज्याने तो बांधला तो पुढच्याच वर्षी विष घेऊन मेला आणि कोणामुळे तर वेशीवर येऊन ठाकलेल्या मल्हारराव होळकरांच्या फौजेमुळे. त्याची छत्रीसुद्धा बाकीच्या राजांसारखी गैटोरला नाही, वाड्यामागच्या जयनिवास बागेत एकटीच आहे. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. औरंगजेब गेल्यावर त्याच्या मुलांच्या भांडणात आमेरचा (जयपूर वसण्याआधीची राजधानी) सवाई जयसिंह हरणाऱ्याच्या बाजूने होता, म्हणून नव्या बादशहाने, बहादूरशहाने, १७०८ मध्ये आमेरच काढून घेतलं. जयसिंह आणि जोधपूरचा अजितसिंह बादशाही छावणीतून निसटून उदयपूरला मेवाडच्या महाराणा दुसऱ्या अमरसिंहाकडे गेले. तिथे तिघांची एकी झाली आणि महाराण्याने आपली मुलगी चंद्रकुंवर जयसिंहाला दिली, पण अट घालून : हिच्या पोटी मुलगा झाला तर तो धाकटा असला तरी गादी त्याचीच. जयसिंहाने कबूल केलं. पुढे आमेर परत मिळालं, जयपूर वसलं, १७२१ मध्ये दुसऱ्या राणीला ईश्वरी झाला आणि चंद्रकुंवरला माधो झाला १७२८ च्या शेवटी. म्हणजे लग्नानंतर वीस वर्षांनी!

माझं मत स्पष्ट आहे. हक्क ईश्वरीचा होता. वीस वर्षं जो करार कोणाच्या आठवणीतही राहिला नसेल त्याच्या जोरावर वाढत्या वयाच्या मुलाला सांगायचं की तू युवराज नाहीस? जयसिंहाने स्वतः १७२९ मध्ये महाराण्याकडून माधोसाठी रामपुऱ्याची जहागीर घेतली, याचा अर्थ त्याच्या मनात गादी ईश्वरीला आणि रामपुरा माधोला असंच होतं. १७४३ मध्ये जयसिंह गेला, ईश्वरी गादीवर बसला, बादशहाची मान्यताही मिळाली. विषय तिथेच संपायला हवा होता. तो संपू दिला नाही मेवाडने, आणि मेवाडच्या पैशावर आपण.

रेवातीर

तुमचं लिखाण आवडलं पण मत अजिबात पटलं नाही.

करार "आठवणीत राहिला नसेल" हे तुम्ही म्हणताय, उदयपूरला तो चांगला आठवत होता. मेवाडने मुघलांना मुली देणाऱ्या घराण्यांशी सोयरीक कितीतरी पिढ्या बंद ठेवली होती, ती १७०८ ला उघडली. ही काही साधी सोयरीक नव्हती, मेवाडने आपली सगळ्यात मोठी गोष्ट पणाला लावली आणि बदल्यात एकच गोष्ट मागितली. जयसिंह तेव्हा राज्य गेलेला राजा होता, त्याला शब्द देताना जड गेलं नाही. आमेर परत मिळवताना मेवाड पाठीशी होतं हा फायदा घ्यायचा, आणि मुलगा झाला की म्हणायचं आता जुनं झालं? ईश्वरी ज्या गादीवर बसला ती गादीच त्या शब्दामुळे परत मिळालेली.

आणि रामपुऱ्याचं म्हणाल तर तो मामाने भाच्याला दिला होता, संग्रामसिंह चंद्रकुंवरचा भाऊ. जयसिंहाने स्वतःच्या राज्यातलं काय दिलं माधोला? काही नाही. दुसऱ्याच्या जमिनीवर आपल्या मुलाची सोय लावली आणि मूळ शब्द टाळला, मला तर असंच दिसतं.

मोडीवेडी

दोघांनाही एक विचारते. "थोरल्याचा हक्क" हा कछवाह्यांचा, म्हणजे जयपूरच्या राजघराण्याचा, खरंच नियम होता का? १६१४ मध्ये राजा मानसिंह दख्खनमध्ये वारला तेव्हा थोरला मुलगा जगतसिंह आधीच गेलेला होता, रिवाजाप्रमाणे गादी जगतसिंहाच्या मुलाला म्हणजे महासिंहाला जायला हवी होती, खुद्द जहांगीरने हे लिहून ठेवलंय, आणि तरी त्याने टिळा दिला भावसिंहाला, कारण तो मर्जीतला होता. पुढे भावसिंहाला मूल नव्हतं म्हणून १६२१ मध्ये महासिंहाचा मुलगा जयसिंह, म्हणजे आपला मिर्झाराजा, गादीवर आला. त्याच मिर्झाराजाशी पुरंदरला महाराजांनी तह केला. तर या घराण्यात वारसा रिवाजापेक्षा बादशाही फर्मानाने ठरायचा आणि १७४३ ला फर्मानाचीच किंमत उरली नव्हती म्हणून फौजा बोलावल्या गेल्या. खरं कारण मला हे वाटतं, कोण थोरला कोण धाकटा हे नाही.

वाटाड्या

मोडीवेडी ताई, १६१४ चं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे की! जहांगीर स्वतः लिहितो की रिवाज हा असा आहे आणि मी तो मोडतोय. म्हणजे रिवाज होता. आणि दोन पिढ्यांत गादी थोरल्या शाखेकडेच परत आली.

इंदूरकर_काका

वाटाड्या, तुम्ही मल्हाररावांना ज्या पद्धतीने आणलंय त्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. आमच्या इंदूरला सुभेदारांचं नाव आदराने घेतात आणि ते उगाच नाही.

ते काही वाट चुकून जयपूरला गेले नव्हते. माधोसिंह आणि मेवाडचे महाराणा जगतसिंह त्यांच्याकडे आले, मदत मागितली, रक्कम ठरली, सुभेदारांनी शब्द दिला आणि पाळला. १७४७ च्या मार्चमध्ये राजमहलला त्यांचा मुलगा खंडेराव मेवाडच्या बाजूने होता, तिथे हार झाली. १७४८ ला खुद्द नानासाहेब पेशवे त्या भागात आले, ईश्वरीने माधोला परगणे द्यायचं कबूल केलं आणि पेशव्यांची पाठ फिरताच फिरवलं. मग ऑगस्टमध्ये बगरूची लढाई. धो धो पावसात काही दिवस चालली, ईश्वरीच्या बाजूने सूरजमल जाट मर्दासारखा लढला हे मान्यच, पण सुभेदारांच्या गंगाधर तात्यांनी मागून जाऊन तोफखाना गाठला आणि ईश्वरी तहाला आला. टोंक, तोडा, मालपुरा हे परगणे माधोला, बूंदीची गादी तिच्यावर हक्क सांगणाऱ्या उमेदसिंहाला, आणि आपल्याला खंडणी. हा तह ईश्वरीनेच केला ना? मग दोन वर्षं पैसे थकवले कोणी? सुभेदार १७५० च्या डिसेंबरात आले ते ठरलेले पैसे मागायला. आणि ज्या केशवदास खत्रीने कारभार सावरून धरला होता त्याला ईश्वरीने आधीच विष पाजून मारलेलं. असा माणूस राज्य करायला लायक होता असं तुम्हाला वाटतं?

अजून एक. १७४८ च्या मार्चमध्ये मनुपूरला अब्दालीसमोर हाच ईश्वरीसिंह बादशाही वजीर तोफेच्या गोळ्याने पडल्याचं कळताच फौज घेऊन निघून गेला.

वाटाड्या

काका, केशवदासाचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. ती ईश्वरीची सगळ्यात मोठी चूक होती आणि मनुपूरचंही मी झाकत नाही. पण नालायक निघाला म्हणून हक्क नव्हता असं कसं म्हणता येईल? आणि पैसे थकले कारण खजिना रिकामा होता, पाच वर्षांत तीन-तीनदा फौजा अंगावर आल्यावर कुठल्या राज्याचा खजिना भरलेला राहील? त्याच्याकडून दोन लाख घेऊन आलेल्यांना काय उत्तर मिळालं तेही सांगा की. सुभेदार भडकले आणि फौज पुढे सरकली. रात्री त्याने विष घेतलं, नाग डसवून घेतला, तीन राण्या आणि एक पासवान (लग्नाची नसलेली बायको) त्याच्यामागे गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी प्रेत तसंच पडून होतं कारण वाड्यात कोणाला काय करावं हेच सुचत नव्हतं. हे वाचून मला मराठा म्हणून वाईट वाटतं, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही.

शिवाय हे करतानाच शिंदे ईश्वरीकडे झुकलेले आणि होळकर माधोकडे, म्हणजे पुण्याचं धोरण नक्की काय होतं? दोन्हीकडून पैसे?

कोरा_कागद

मला यातला सगळ्यात खटकणारा भाग वेगळाच आहे. त्याच वर्षी आपल्या घरात काय चाललं होतं बघा. डिसेंबर १७४९ ला शाहू महाराज गेले, गादीवर रामराजा, आणि १७५० संपता संपता ताराबाई म्हणतायत हा माझा नातूच नव्हे. साताऱ्याचा वारस खरा की खोटा यावर आपली गादी हलत होती आणि तेव्हाच आपले सरदार जयपूरला जाऊन कोण खरा वारस ते तलवारीने ठरवत होते. मी कोणाला दोष देत नाहीये, त्या काळात सगळीकडे हेच होतं, पण हे शेजारी ठेवून वाचलं की ईश्वरीची बाजू जास्त कळते.

रेवातीर

कोरा_कागद, चांगला मुद्दा. पण मग माधोचं पुढे काय झालं तेही सांगूया. इंदूरकर काका म्हणतात सुभेदारांनी शब्द पाळला. पाळला. माधो गादीवर आला आणि लगेच मराठ्यांनी राज्याचा हिस्सा मागितला, जयाप्पा शिंदेही येऊन पोचले. १० जानेवारी १७५१ ला शहर बघायला, देवळं बघायला, बाजारात गेलेल्या हजारो मराठ्यांवर वेशी बंद करून जयपूरकर तुटून पडले. ज्यांना आपण जिंकून दिलं त्यांच्याच शहरात. याला नुसती माधोची कृतघ्नता म्हणून मोकळं नाही होता येत, लोक इतके पेटले कशामुळे तेही बघायला हवं. एवढं मी वाटाड्यांना देते. करार माधोच्या बाजूने होता, पण करार वसूल करायला ज्यांना आणलं त्यांनी तो विकत घेतल्यासारखा वागवला.

इंदूरकर_काका

गेलेल्यांत बायका-पोरंही होती, हे विसरून "लोक पेटले" म्हणून सोडून देणं मला जमणार नाही. खंडणी जास्त मागितली असेल, त्याचं उत्तर निःशस्त्र माणसं कापणं नाही.

मोडीवेडी

काका बरोबर आहेत, त्याला समर्थन नाहीच. पण त्याची किंमत दहा वर्षांनी दिसली, पानिपतला राजपुतांतलं एकही मोठं घराणं आपल्या मदतीला उभं राहिलं नाही.

आणि वाटाड्या, वारशाबद्दल एक राहिलंच. माधोच्या रक्ताची गादी तरी किती टिकली? १८१८ च्या डिसेंबरात त्याचा नातू जगतसिंह निपुत्रिक गेला, कारभाऱ्यांनी नरवरच्या नऊ वर्षांच्या मोहनसिंहाला आणून बसवलं, मग समजलं की एक राणी गरोदर आहे, एप्रिल १८१९ ला तिसरा जयसिंह जन्मला आणि मोहनसिंहाला उतरवलं. १८८० ला रामसिंहानंतर ईसरद्याहून, म्हणजे याच घराण्याच्या एका शाखेतून, दत्तक, तो दुसरा माधोसिंह. १९२१ मध्ये त्यानेही ईसरद्याहूनच दत्तक घेतला, तो दुसरा मानसिंह. आणि २००२ मध्ये भवानीसिंहांनी मुलीच्या मुलाला दत्तक घेतलं. मुलीच्या पोटच्या मुलाला गादी, चंद्रकुंवरच्या बापाला तरी दुसरं काय हवं होतं?

वाटाड्या

ताई, हे सुंदर जुळवलंत, पण फरक आहे. २००२ ला कोणाचा थोरला मुलगा बाजूला सारला नव्हता, भवानीसिंहांना मुलगाच नव्हता.

रेवातीर, तुमच्या मुद्द्यावर रात्रभर विचार केला. जयसिंहाने शब्द दिला होता आणि तो मोडला हे मी आता मान्य करतो, आधी मी ते फारच हलकं घेतलं. पण मोडला बापाने. माधो झाला तेव्हा ईश्वरी सात वर्षांचा होता, त्याला कोणी विचारलं होतं? आणि ज्या मेवाडने एवढं केलं त्यांच्या हाती काय आलं बघा. माधोने गादीवर आल्यावर रामपुरा होळकरांना दिला. मामाने भाच्याला दिलेली मेवाडची जमीन, ती परत मेवाडला मिळाली नाही.