कॅमेरा हवाच, पण नोटीसही वेळेत हवी

या चर्चेत वर दोघांनी लिहिलंय की सिग्नलवरचे चलन पाठवणारे कॅमेरे म्हणजे निव्वळ वसुली, काढूनच टाका. मला हे पटत नाही. आपल्या सोलापुरात सात रस्ता चौकात संध्याकाळी एकदा पायी रस्ता ओलांडून बघा. सिग्नल लाल असतानाही गाडी अंगावर येते. माझी आई तिथून भाजी घेऊन येते, ती घरी पोचेपर्यंत मला घोर असतो. हवालदार एका वेळी एकालाच अडवणार. कॅमेरा सगळ्यांना टिपतो, ओळखपाळख बघत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७-अ हा नियम आला. चलनाची नोटीस १५ दिवसांत पाठवायची, कॅमेरा असल्याचा फलक ठळक लावायचा, यंत्राचं मान्यता प्रमाणपत्र दरवर्षी नव्यानं घ्यायचं, हे त्यात तेव्हा स्पष्ट लिहिलं होतं. असे कॅमेरे लावायच्या शहरांची यादी त्यात होती, तिच्यात आपलं सोलापूरही होतं.

आमच्या काकांना मात्र तीन चलनं कळली ती गाडी विकायला काढल्यावर! मेसेज जुन्या, बंद पडलेल्या नंबरवर जात होते. एका फोटोतली गाडी तर त्यांची नव्हतीच, नंबरप्लेटवरचा ३ यंत्रानं ८ वाचला होता. ते चलन रद्द करून घेताना त्या माणसानं किती हेलपाटे घातले, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

तेव्हा गाडीच्या नोंदीतला मोबाइल नंबर आजच तपासून घ्या. चलन आलं की पैसे भरण्याआधी फोटो उघडून नंबरप्लेट नीट बघा.