उपम्याचा पोलेंटा केला, तर घरचं काय उरतं? (शेफ फ्लॉईड कार्डोझ यांच्या निमित्ताने)

रवाळ:
फ्लॉईड कार्डोझ गोवेकर कुटुंबातले, जन्म मुंबईचा. न्यूयॉर्कला 'लेस्पिनास' या रेस्टॉरंटमध्ये शेफ ग्रे कुन्झ यांच्या हाताखाली घडले. १९९८ साली रेस्टॉरंट-व्यावसायिक डॅनी मायर यांच्यासोबत तिथेच 'तबला' हे रेस्टॉरंट सुरू केलं, ते २०१० पर्यंत चाललं. पुढच्याच वर्षी 'टॉप शेफ मास्टर्स' या अमेरिकी टीव्ही-स्पर्धेच्या अंतिम फेरीत त्यांनी काय मांडलं, तर रानअळंबी, कोकम आणि नारळाचं दूध घेऊन केलेला उपमा, पोलेंटासारखा (मक्याच्या भरड पिठाचा इटालियन पदार्थ) सैलसर. आणि जिंकले.

माझं मत: घरचा वारसा पुढे न्यायचा असेल तर हाच रस्ता. जिन्नस कुठलाही असो, हात घरचा हवा. रवा भाजायचा कसा, आंबट कधी घालायचं, हे ज्याला घरातून आलंय त्यानेच बाहेरचं आत घ्यावं.

सोलां_आणि_सुंगटां:
साफ असहमत. गोव्याच्या ख्रिस्ती घरात रवा असतो तो बातिकात (रवा-नारळाचा केक), बोलिन्हांत (रवा-नारळाची बिस्किटं) आणि मासे तळताना वरून लावायला. उपमा हा त्या घरचा वारसा नव्हेच. शिवाय पोलेंटा मक्याचा, रवा गव्हाचा. दोन्ही नावं एका ताटलीत ठेवली की खाणाऱ्याला ना उपमा कळतो, ना पोलेंटा. वारसा म्हणायचा तर सोरपोतेल (डुकराच्या मांसाचा आंबट-तिखट रस्सा) करा, शेकशेक (खेकडे-तिसऱ्यांचा नारळाचा रस्सा) करा.

रवाळ:
मुंबईत जन्मलेल्या माणसाला उपमा परका कसा? घर म्हणजे फक्त आडनावाचं गाव नव्हे. आणि नाव बाजूला ठेवा, ताटलीत काय घडतं ते बघू. नेहमीच्या उपम्याला १ वाटी रव्याला अडीच वाट्या पाणी. पोलेंटासारखा हवा तर ४ ते साडेचार वाट्या. एवढ्या पाण्यात कच्चट रवा खळ होऊन बसतो. म्हणून मध्यम जाड रवा मंद आचेवर ७-८ मिनिटं, वास सुटेपर्यंत पण रंग न बदलता भाजायचा, आणि उकळत्या पाण्यात बारीक धारेने सोडत ढवळत राहायचं. नुसती पोलेंटाची कृती वाचणारा हे भाजणंच गाळेल, कारण मक्याच्या पिठाला ते लागत नाही.

माडाचा_सिरका:
भाजणं ठीक, पण हा पदार्थ खरा फसतो तो कोकमापाशी. नारळाच्या दुधात कोकम घालून उकळी आणली की दूध फाटलंच. आंबट आणि उष्णता एकत्र आली की दुधातली प्रथिनं गोळा होतात, तेल वर येतं आणि रवा कणीदार, तेलकट दिसतो. सोलकढी गरम करू नये ती याचसाठी.

उपाय: रवा पातळ दुधात शिजवा, दाट दूध शेवटी घालून आच लगेच बंद करा. ५-६ आमसुलं अर्धी वाटी कोमट पाण्यात २० मिनिटं भिजवून तो रस वेगळा ठेवा आणि वाढताना कडेने सोडा. आगळ (कोकमाचा खारवलेला दाट रस) वापरत असाल तर त्यात मीठ भरपूर असतं, म्हणून रव्यातलं मीठ निम्मं करा.

अळंबीही तशीच. पाव किलो एकदम कढईत टाकली की पाणी सुटतं आणि ती उकडते. दोन घाण्यांत, मोठ्या आचेवर, आधी कोरडीच परता. पाणी आटलं की मग तूप, लसूण, मिरची. मीठ सगळ्यात शेवटी.

सोलां_आणि_सुंगटां:
कृती पटली, मुद्दा नाही पटला. असे पदार्थ मान मिळवतात आणि मूळ पदार्थ 'साधे' ठरतात. विंदालूचंच बघा, म्हणजे सिरक्यात मुरवलेल्या डुकराच्या मांसाचं. परदेशात त्याचा झणझणीत बटाटा-रस्सा झाला, कारण 'आलू' ऐकू आलं. मूळ पोर्तुगीज शब्दात तो 'आल्यॉ' आहे, म्हणजे लसूण. गोव्याच्या विंदालूत बटाटा नसतोच.

माडाचा_सिरका:
बटाट्याबद्दल शंभर टक्के बरोबर. पण पुढचं पाऊल टाका ना! विंदालू स्वतःच मिश्रण आहे. पोर्तुगीज वाइन-लसणाचं मुरवण इथे आलं, वाइनच्या जागी माडाचा सिरका आला, मिरची तर समुद्रापलीकडचीच. ते टिकलं, कारण बदलीचा जिन्नस तेच काम करत होता: आंबटपणाही आणि टिकाऊपणाही.

१ किलो डुकराच्या मांसाला १२-१५ काश्मिरी मिरच्या, ८-१० लसूण पाकळ्या, इंचभर आलं, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी आणि साधारण १०० मिली सिरका. वाटताना पाण्याचा थेंब नको, नाहीतर टिकणार नाही. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात रात्रभर मुरवा. ॲल्युमिनियम आंबटाला धरतं, चव धातूसारखी लागते. माडाचा सिरका नसेल तर सफरचंदाचा चालेल. बाजारातला पांढरा कृत्रिम सिरका तेवढाच ओतला तर घसा धरतो. तो ६० मिली घ्या आणि चिमूटभर गूळ टाका.

तव्यावरून:
एक गोष्ट राहतेय. कार्डोझ यांनी नुसतं परदेशातच नाही केलं. २०१५ मध्ये लोअर परळला 'बॉम्बे कँटीन', २०१७ मध्ये बीकेसीत गोव्याच्या जेवणाचं 'ओ पेद्रो', यांत ते भागीदार होते. मार्च २०२० मध्ये कोविडने गेले. म्हणजे सोलांताई म्हणतात तो मूळ गोवाही त्यांनी मांडला, आणि तोही मुंबईकरांसमोर.

सोलां_आणि_सुंगटां:
'ओ पेद्रो'चा मुद्दा मान्य. तरी उपम्याबाबत माझा आग्रह राहील: मेनूवर 'रव्याचा सैल उपमा, कोकमाच्या रसासह' असं लिहा, पोलेंटा शब्द कशाला?

रवाळ:
न्यूयॉर्कच्या गिऱ्हाइकाला चमच्याने खायचंय की काट्याने, हे त्या एका शब्दातून कळतं. मुंबईत मात्र मीही तो शब्द काढून टाकीन.