इंग्लंडमधलं खासगी पार्किंगचं तिकीट : तुमचा अनुभव लिहा

दोन तास फुकट पार्किंग, खरेदीत अडीच-पावणेतीन तास गेले आणि मग घरी शंभर पौंडांचं पत्र आलं. इंग्लंडमधल्या आपल्या मंडळींकडून हे इतक्यांदा ऐकलंय की सगळ्यांचे अनुभव एका जागी यावेत असं वाटलं, म्हणून हा धागा.

नवीन आलेले लोक पत्र बघून घाबरतात. व्हिसाचं काय होईल म्हणून त्याच रात्री पैसे भरून मोकळे होतात. याउलट, ऑफिसातला कुणी 'फाडून टाक, काही होत नाही' म्हणाला म्हणून पत्र केराच्या टोपलीत टाकणारेही आहेत. मला दोन्ही पटत नाही. हे पत्र पोलिसांचं नाही, कौन्सिलचंही (म्हणजे तिथल्या नगरपालिकेचंही) नाही. जागेच्या मालकाने नेमलेली कंपनी करार मोडल्याचे पैसे मागते, म्हणजे मामला दिवाणी. पण दिवाणी म्हणजे पोकळ नव्हे. चेम्सफर्डच्या एका रिटेल पार्कमध्ये दोन तासांच्या मर्यादेपेक्षा ५६ मिनिटं जास्त थांबलेल्या बीव्हिस नावाच्या गृहस्थांनी ८५ पौंड भरायला नकार दिला आणि सुप्रीम कोर्टापर्यंत लढले. नोव्हेंबर २०१५ मध्ये ते हरले. जागा अडून राहू नयेत यात मालकाचं रास्त हित आहे, पाट्या ठळक होत्या आणि रक्कम अवाच्या सवा नाही, असं कोर्टाने म्हटलं. तेव्हापासून 'फाडून टाक' हा सल्ला धोक्याचा आहे.

तुमच्या बाबतीत काय झालं, काय उपयोगी पडलं, सविस्तर लिहा. कंपनीचं नाव नको.

रेडिंगहून

आमचं प्रकरण सुपरमार्केटच्या पार्किंगचं. आई-बाबा भारतातून आले होते, त्यांच्यासाठी गरम कपडे, बूट, मग तिथल्याच कॅफेत चहा, यात वेळ गेला. पत्र आल्यावर कंपनीला काही लिहिण्याआधी मी दुकानात गेले आणि कस्टमर सर्व्हिसच्या काउंटरवर मॅनेजरना बोलवायला सांगितलं. पावत्या दाखवल्या. कपड्यांची, नंतर कॅफेची, दोन्हींवर छापलेली वेळ. त्यांनी पत्राचा क्रमांक उतरवून घेतला आणि काही दिवसांत तिकीट रद्द झाल्याचा ईमेल आला. गिऱ्हाईक दुखावलेलं दुकानाला नको असतं. माझ्या मते पहिली पायरी हीच. पावती नसेल तर बँकेच्या स्टेटमेंटवरची नोंदही चालते.

लेस्टरहून

ताई म्हणतात ते बरोबर, पण आमच्या रिटेल पार्कमध्ये वीस दुकानं, कुणीच दाद देईना. त्यामुळे कायद्याचाच आधार घ्यावा लागला. ज्यांना अपील करायचंय त्यांनी हे नीट वाचा.

पत्र हातात घेतलं की तारखा बघायच्या. एक गाडी उभी होती ती, दुसरी पत्र काढल्याची. कॅमेऱ्याने नंबरप्लेट टिपली असेल आणि काचेवर काही चिकटवलेलं नसेल, तर २०१२ च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स कायद्याप्रमाणे पत्र चौदा दिवसांत गाडीच्या नोंदणीकृत कीपरच्या (ज्याच्या नावे गाडी नोंदलेली आहे त्याच्या) घरी पोचायला हवं. मोजणी दुसऱ्या दिवसापासून. टाकलेलं पत्र कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी पोचलं असं धरतात. ही मुदत चुकली तर कंपनीला कीपरकडून पैसे मागता येत नाहीत, फक्त ड्रायव्हरकडून. आणि ड्रायव्हर कोण होतं हे कंपनीला सांगण्याचं बंधन कीपरवर नाही.

आमचं पत्र चौदा दिवस उलटून गेल्यावरच काढलं होतं! मी उत्तरात 'गाडीचा कीपर या नात्याने लिहीत आहे' असं लिहिलं आणि 'मी गाडी लावली', 'मला उशीर झाला' असं एकही वाक्य येऊ दिलं नाही. आपण सरळ माणसं, खरं सांगून माफी मागायला जातो आणि त्या एका वाक्याने हा मुद्दा हातचा जातो. कंपनीने अपील फेटाळलं, पण सोबत पोप्लाचा कोड दिला. पोप्ला ही ब्रिटिश पार्किंग असोसिएशनच्या सभासद कंपन्यांसाठीची अपील-व्यवस्था. आपल्याला खर्च नाही, २८ दिवसांची मुदत असते आणि तिचा निकाल कंपनीवर बंधनकारक असतो. तिथे तारखांचा मुद्दा मांडल्यावर कंपनीने पुरावे न देताच माघार घेतली.

ग्लासगोहून

लेस्टरच्या दादांनी लिहिलेला कीपरचा नियम इंग्लंड आणि वेल्ससाठी आहे. स्कॉटलंडमध्ये त्या कायद्यातला तो भाग लागू नाही, इथे कंपनीला ड्रायव्हरच्याच मागे लागावं लागतं. इंग्लंडमधल्या मित्राचं पत्र जसंच्या तसं उतरवून पाठवू नका.

मिल्टन कीन्सहून

कॅमेऱ्याचा घोळ आमच्या वाट्याला आला. सकाळी औषध घ्यायला गेलो, परत आलो, संध्याकाळी पुन्हा दूध-भाजीला गेलो. कॅमेऱ्याने सकाळचं आत येणं आणि संध्याकाळचं बाहेर जाणं एवढंच धरलं, म्हणजे दिवसभर गाडी तिथेच! मधल्या वेळी गाडी घराजवळच्या पंपावर होती. पेट्रोलची पावती आणि फोनमधला नकाशाचा इतिहास पाठवला, तिकीट रद्द.

स्लाउहून

मी पैसे भरले आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही. पाट्या जागोजागी होत्या, मर्यादेवर तासाहून जास्त वेळ झाला होता, पत्र वेळेत आलं होतं. चौदा दिवसांत भरले तर शंभराचे साठ. अपील लांबवलं आणि हरलो तर बहुतेक वेळा ही सवलत जाते. लढण्यासारखं काही असेल तर जरूर लढा, नसेल तर साठ भरा.

एक मात्र सांगते. वेळ संपल्यावर दहा मिनिटांची सूट या कंपन्यांच्या आचारसंहितेतच आहे. पाच-सात मिनिटांसाठी पत्र आलं असेल तर एक पैसाही भरू नका.

हाउन्स्लोहून

आमच्यासारखं कुणावर येऊ नये म्हणून लिहितोय. घर बदललं, परवान्यावरचा पत्ता बदलला. गाडीच्या लॉगबुकवरचा (नोंदणीच्या कागदावरचा) पत्ता वेगळा बदलावा लागतो हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. कंपनी कीपरचा पत्ता डीव्हीएलएकडून, म्हणजे गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडून घेते. त्यामुळे पहिलं पत्र, स्मरणपत्रं, कोर्टाचा दावा, सगळं जुन्या घरी गेलं. उत्तर न आल्याने एकतर्फी निकाल लागला. कळलं कधी, तर घरासाठी कर्जाचा अर्ज नाकारला गेला तेव्हा. बायको चार महिन्यांची गरोदर, घर जवळजवळ ठरलेलं, आणि एका पार्किंगपायी सगळं अडकलं. त्या रात्री दोघांनाही झोप लागली नाही.

असा निकाल महिन्याच्या आत पैसे भरले तर कर्ज देणारे बघतात त्या नोंदीतून निघतो, नाहीतर सहा वर्षं राहतो. आमचा महिना केव्हाच गेला होता. मग निकाल रद्द व्हावा म्हणून एन २४४ हा अर्ज फी भरून कोर्टात दिला. जुनं घर सोडल्याचा करार, नव्या घराचं कौन्सिल टॅक्सचं बिल जोडलं. न्यायाधीशांनी निकाल रद्द केला, पण ते घर तोवर दुसऱ्याने घेतलं होतं. घर बदलताय? लॉगबुक त्याच आठवड्यात ऑनलाइन बदला. फुकट होतं.

धागाकर्ता

हाउन्स्लोचे दादा, वाचून फार वाईट वाटलं. इतकं मोकळेपणाने लिहिलंत, आभार.

वसुली कंपन्यांच्या पत्रांबद्दल काहींनी निरोपातून विचारलंय. त्या पत्रांत मूळ रकमेत ७० पौंडांपर्यंत भर घातलेली असते, अक्षरं लाल असतात. पण त्या लोकांना घरी येऊन वस्तू उचलण्याचा अधिकार नाही. तो बेलिफचा, म्हणजे कोर्टाच्या वसुली अधिकाऱ्याचा, आणि तोही कोर्टाचा निकाल लागून पैसे न भरल्यावर. मात्र 'दाव्यापूर्वीचं पत्र' आलं तर तीस दिवसांत उत्तर द्याच. प्रत्यक्ष कोर्टाचा दावा आला तर मुदत चौदाच दिवसांची. दावा मिळाल्याची पोच ऑनलाइन दिली की अठ्ठावीस मिळतात.

आतापर्यंत कंपनीबाहेरच्या अपिलाचा अनुभव आलाय तो फक्त पोप्लाचा. इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटी या दुसऱ्या संघटनेच्या सभासद कंपन्यांचं अपील आयएएस (इंडिपेंडंट अपील्स सर्व्हिस) या वेगळ्या व्यवस्थेकडे जातं. तिथे कुणी गेलं असेल तर लिहा. आणि घरच्या ज्येष्ठांचा ब्लू बॅज (अपंगांसाठीचा पार्किंग परवाना) असूनही खासगी जागेत तिकीट मिळालेलं कुणी आहे का? २०१० च्या समानता कायद्याखाली जास्तीचा वेळ मागता येतो, तो मुद्दा मांडून तिकीट रद्द झालं असेल तर तुम्ही काय लिहिलंत ते हवंय.