कपाट पायथ्याला नको, बाजूला घ्या

१० बाय १० फुटांच्या खोलीत क्वीन पलंगाच्या पायथ्याशी कपाट ठेवायचं कुणीतरी सुचवलंय. ते जमणार नाही. गादी ६० बाय ७८ इंच असली तरी चौकट आणि हेडबोर्ड धरून पलंग साधारण ६६ बाय ८२ भरतो. ८२ अधिक कपाटाची खोली २४, म्हणजे १०६. खोलीच्या १२० इंचांतून उरले १४ इंच. त्यात १८ इंचांचं दार उघडणार कसं?

कपाट पलंगाच्या बाजूच्या भिंतीला घ्या आणि पलंग कपाटासमोरच्या भिंतीला सरकवा. मध्ये ३० इंच मिळतात. दार उघडतं, खालचा ड्रॉवरही ओढता येतो. फक्त आतल्या बाजूला झोपणाऱ्याला पायथ्याकडून उतरावं लागेल, त्याला इलाज नाही. पलंग मधोमध ठेवायचा हट्ट असेल तर दोन्हीकडे १५-१५ इंच उरतात, आणि मग सरकत्या दारांशिवाय गत्यंतर नाही. तरी ड्रॉवर अडकेलच.

मापं स्कर्टिंगपासून (भिंतीच्या तळाशी असलेल्या पट्टीपासून) घ्या, भिंतीपासून नाही. कपाट बाहेरच्या भिंतीला येत असेल तर मागे दोनेक इंच फट सोडा, नाहीतर ओल धरून मागच्या प्लायला बुरशी येते. आणि कपाटामागे प्लग पॉइंट जात नाही ना, हे आधी बघा. ते हमखास राहून जातं!